साचा, फर्मा आणि बाबांची पट्टी

तर झालं असं, की गेल्या जूनमध्ये मी टिंबर मार्केटमधून आणलेल्या शिसवीच्या दोन पातळ पट्ट्या गरम पाइपवर वाकवल्या. गिटारच्या दोन बाजू तयार! जाडी जेमतेम २ मिलिमीटर. आकार नकाशावर बरोब्बर बसत होता, फोटो काढून मित्रांना पाठवूनही झाले. मग दोन आठवडे पाऊस. परत नकाशावर ठेवून बघतो तर डाव्या बाजूची कंबर ६ मिलिमीटर सरकलेली, आणि उजवी पुन्हा सरळ व्हायला निघालेली. वाकवलेलं लाकूड असं करतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. प्रत्येक पुस्तकात असतं: आधी साचा करा. ते पान मी उलटलं होतं, कारण साच्यात तीन वीकेंड जातात आणि तो बघून कोणी 'वा!' म्हणत नाही.)

माझी सबब तयार होती. स्पॅनिश लोक कुठे साचा वापरतात?

ते खरंही आहे. आजची क्लासिकल गिटार ज्याच्या नमुन्यावर चालते तो आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) मूळचा अल्मेरियाचा सुतार. त्या स्पॅनिश परंपरेत गिटारची तबली (सतारवाल्यांचा शब्द, पण चपखल आहे) 'सोलेरा' नावाच्या पाटावर पालथी ठेवतात. पाट मध्ये किंचित खोलगट असतो, म्हणजे तबलीला हलका फुगवटा येतो. दांड्याच्या बुडाला खाचा असतात, त्यात दोन्ही बाजूंची टोकं घुसवायची आणि तबलीवरच्या रेषेबरहुकूम बाजू चिकटवत जायचं. दांडा आणि पोट एकत्रच जन्माला येतात. बाहेरून दाबून धरणारं काही नाही, सगळा भरवसा हातावर. तोरेसने तर १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली चांगली असली की बाकीचं फार बिघडत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आता तोरेसला जे जमलं ते मला गॅलरीत जमेल, हे गृहीत धरणं म्हणजे... असो.

आपल्याकडे मिरजेत हा प्रश्नच येत नाही. सतारीचं नि तानपुऱ्याचं पोट पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वेलावर वाढतं. कारागीर भोपळा बघून वाद्य ठरवतो. साचा कसला करणार?

व्हायोलिनवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे असतो फर्मा. मराठीत आपण साचा आणि फर्मा हे शब्द कसेही फिरवतो, पण इथे फरक कामाचा आहे: साचा बाहेरून धरतो, फर्मा आतून. बुटाच्या आत घालतात तो लाकडी ठोकळा आठवा. क्रेमोनाचा आंतोनियो स्ट्राडिव्हारी असाच अक्रोडाचा फर्मा घेऊन त्याच्याभोवती बाजू वाकवायचा, चिकटवायचा आणि मग फर्मा काढून घ्यायचा. (त्याने गिटारीही केल्या. १६८८ची एक ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये आहे.) तो १७३७ साली गेला. पुढे १७७५-७६च्या सुमारास त्याच्या पाओलो नावाच्या मुलाने फर्मे, नकाशे, हत्यारं असं सगळं कोझिओ दी सालाबुए नावाच्या एका सरदाराला विकलं. फिरत फिरत ते जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराकडे आलं, आणि त्याने १९३०मध्ये क्रेमोना शहराला देऊन टाकलं. ते आता तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर अक्षरं खुणेला घातलेली आहेत, आणि कोणतं व्हायोलिन कोणत्या फर्म्यावरचं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

आता ज्या गिटारचा नकाशा माझ्या टेबलावर होता तिच्याकडे येतो. तिचा मूळपुरुष ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन, जन्म १७९६, गाव सॅक्सनीतलं मार्कन्यूकिर्शन. तो व्हिएन्नात योहान गेओर्ग स्टाउफरकडे शिकला असं मानतात. स्टाउफरच्या गिटारीचा दांडा घड्याळाच्या किल्लीने स्क्रू फिरवून वरखाली करता यायचा. म्हणजे पोट वेगळं, दांडा वेगळा.

मार्टिन गावी परतला आणि भांडणात सापडला. त्याचं घराणं सुतारांच्या संघातलं. व्हायोलिनकारांच्या संघाचं म्हणणं, की गिटार हे वाद्य आहे, सुतारांनी त्याला हात लावू नये. १८२६ आणि १८३२मध्ये त्यांनी रीतसर तक्रारी केल्या. सूर असा, की आम्ही कलावंत, आम्हाला जाण आहे. हे लोक खुर्च्या-कपाटं करणारे, नुसते यंत्रासारखे राबणारे. सुतारांनी आपला हक्क राखला, पण मार्टिनचं मन उडालं. १८३३ साली तो न्यूयॉर्कला गेला, आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला. १८५०च्या दशकापर्यंत त्याच्या गिटारी ठरलेल्या मापांत, आकड्यांनी ओळखल्या जाऊ लागल्या. तीच गिटार, त्याच मापाची, दरवर्षी. पोट आधी बंद करायचं आणि दांडा नंतर बसवायचा, तर पोट प्रत्येक वेळी तेच यायला हवं. माझ्यासारख्या क्लास आणि ऑब्जेक्टवर पोट भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण साचा एकदा केला की झालं, असंही नाही. १९२९मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाला जास्त मोकळे पडदे हवे होते. १२ऐवजी १४ पडदे पोटाबाहेर काढायला मार्टिन कंपनीने त्रिपल-शून्य मापाचे खांदे चपटे केले. ती ऑर्केस्ट्रा मॉडेल. अमेरिकेतल्या बहुतेक गिटारी पुढे १४ पडद्यांच्याच झाल्या. माझा नकाशा तिचाच, खालचा घेर १५ इंच.

व्हायोलिनकारांचं ते म्हणणं मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा कोल्हापुरात एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ३१ वर्षं होते. ओतकामाआधी वाळूत ठसा उमटवायला जो लाकडी नमुना लागतो, तो करणारे. ऐकून एवढंच म्हणाले, "आमच्याकडे मशीन शॉपवाले आम्हाला असंच म्हणायचे." फाउंड्री बंद झाली तेव्हा त्यांचे सागवानी पॅटर्न जळाऊ लाकडाच्या भावाने वखारीत गेले. ते मला आईकडून कळलं होतं. बाबांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही.

माझ्या वाकड्या बाजू बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सेंटर लाईन कुठाय?"

नव्हती.

मग तीन वीकेंड गेले. साचा आख्ख्या गिटारचा काढायचा नाही, अर्ध्याचाच काढायचा. तीच पाटी उलटून दुसरी बाजू, म्हणजे चूक झाली तरी दोन्हीकडे सारखी. १८ मिलिमीटर प्लायचे सहा थर. प्रत्येक थर जिगसॉने रेषेबाहेर कापायचा, पाटीला लावून राऊटरने साफ करायचा, मग फेविकॉल आणि शिकंजे. दोन अर्धुकं बोल्टने जोडायची, की वाकवलेल्या बाजू आत, आणि कंबरेपाशी आतून टेकू. आखणी बाबांनी केली. मला गुण्या धरायला ठेवलं होतं. आतली भिंत तळाशी काटकोनात आहे का, हे ते दर बोटावर तपासत होते. मी म्हटलं, "बाबा, एवढं कशाला, लाकूडच तर आहे." त्यांनी उत्तर दिलं नाही, कानस मागितली.

जोडून झाल्यावर मी टेप लावला. ३८१ मिलिमीटर यायला हवं होतं. आलं ३८५.

दोघांनी दोनदा मोजलं. मग बाबांनी हातातल्या स्टीलच्या पट्टीकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. ती पॅटर्नवाल्यांची पट्टी होती. बीड ओतल्यावर थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून त्या पट्टीचा इंच तेवढाच मोठा असतो. माझी गिटार ओतीव लोखंडाची होणार असती, तर माप अचूक होतं.

"परत करू," ते म्हणाले. मी नको म्हटलं. सगळीकडे एकच टक्का वाढलंय, आकार कुठे बिघडलाय? नुसता दांड्याचा हिशेब मला नव्याने मांडावा लागेल. ते बराच वेळ साच्याच्या आतून अंगठा फिरवत राहिले.

शेवटी मार्कर घेऊन त्यांनी बाहेरच्या बाजूला 'पॅटर्न नं. १' लिहिलं, खाली तारीख. मी म्हटलं, सही करा.

"पॅटर्नवर कुठे सही असते?"

नव्या शिसवीच्या पट्ट्या आणल्यात. या शनिवारी वाकवायच्या आहेत, पाऊस उघडला तर.