सव्वा तासाचा प्रवास

चिंचोटीला राहतो म्हटलं, की लोक आधी धबधब्याची चौकशी करतात. आमच्या गावाचं दुसरं माहात्म्य त्यांना ठाऊक नसतं. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आमच्या नाक्यावरून जातो. अहमदाबादला जायचं तर उत्तरेकडे तोंड करायचं, की झालं!

पण गेल्या वर्षी मामा अहमदाबादला इस्पितळात असल्याचा फोन आला, तेव्हा मी तोंड दक्षिणेकडे केलं. विमानाने जायचं होतं ना! मुंबई-अहमदाबाद हवाई अंतर सुमारे ४४० किलोमीटर, वेळ सव्वा तास. "अहो, वसईरोडहून गाडी पकडा," असं घरातून सुचवलं गेलं. पण घाईच्या माणसाने विमानानेच जावं, अशी माझी समजूत.

पहाटे पाचला निघालो आणि वर्सोवा पुलाच्या अलीकडे टॅक्सी जी थांबली, ती थांबलीच. बसल्या बसल्या मामाची आवडती गोष्ट आठवली. मामाने उभा जन्म टपालखात्यात काढला. त्यामुळे १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ! त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा एका चिमुकल्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घालून कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे विमानाचं पेट्रोल डब्यांतून आलं, आणि ते डबे बैलगाडीतून! मग जुहू. तिथे धावपट्टी कसली, नुसतं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेलं, की विमानाचं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवायचं. पुढे १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटांनी ते उड्डाण पुन्हा करून दाखवलं.

वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. म्हणजे अहमदाबाद-मुंबई टप्पा पावणेतीन तासांचा. माझं विमान त्यांच्या पाचपट वेगाने उडालं. वर गेल्यावर खरोखरच सव्वा तास लागला. पण त्याआधी अडीच तास रस्ता, दोन तास रांगा आणि तपासण्या, नंतर सामान, रिक्षा आणि इस्पितळाचे जिने. मामाच्या खाटेशी पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. घर सोडून सव्वासात तास! टाटा तेवढ्यात कराचीहून मुंबईला पोचले होते, बैलगाडीच्या पेट्रोलासकट.

"किती वेळ लागला रे?" मामाने क्षीण आवाजात विचारलं.

"सव्वा तास," मी म्हणालो.

मामा हसला. "पत्रावर दोन शिक्के असतात, भाच्या. टाकल्याचा आणि पोचल्याचा. मधे कोण किती वेगाने उडालं, ते घेणाऱ्याने बघायचं नसतं."

मी मुकाट्याने पहाटे पाचचा शिक्का कबूल केला.

"मग वेळेत आलास," तो म्हणाला आणि माझा हात धरून ठेवला.

भेटीची वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती. आमच्या वाट्याला तेवढीच यायची होती. त्यानंतर मामा भेटला नाही.

आता आमच्या घरावरून विमान गेलं, की मी घड्याळ बघत नाही. ते कुणाच्या तरी दहा मिनिटांसाठी पहाटे पाचला निघालेलं असतं.