तहानेची वंशावळ

एप्रिल उजाडला की हुडकेश्वरपासून सीताबर्डीपर्यंत नागपूरभर पाणपोया लागतात. या शब्दातली ‘पोई’ पाण्याहून कमी जुनी नाही. संस्कृत ‘प्रपा’, प्राकृत ‘पवा’ आणि मराठी ‘पोई’ अशी तिची वाटचाल आहे. क्षत्रप राजाचा जावई उषवदात याच्या नाशिकजवळच्या लेण्यातील सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या शिलालेखात, त्याने तापी, दमणा अशा नद्यांच्या दोन्ही काठांवर प्रपा बांधल्याची नोंद आहे.

‘गाथासप्तशती’ या प्राकृत काव्यसंग्रहात तर पोईवरची तरुणीच भेटते. ती दिसत राहावी म्हणून वाटसरू ओंजळीची बोटे सैल सोडून पाणी गळू देतो. तीही धार बारीक करत जाते. त्याची तहान केव्हाच भागलेली असते.

‘तहान’ हा शब्दही याच प्राकृतातून आला. ‘तृष्णा’ची ‘तण्हा’ झाली, तण्हाची तहान. खेड्यातल्या बोलीत तर ‘ह’ गळून ‘तान लागली’ एवढेच उरते. मुळातला धातू ‘तृष्’. त्याचे गोत मोठे आहे: इंग्रजीतला ‘थर्स्ट’, जर्मन ‘डुर्स्ट’, गझलेतल्या ‘तिश्नगी’मागचा फारसी ‘तिश्ना’. लॅटिनमध्ये त्याच कुळातल्या ‘टेरा’चा अर्थ झाला कोरडी जमीन. सगळ्यांच्या मुळाशी सुकणे आहे.

मराठीने पुढे घराची वाटणी केली. घशाला तहान लागते. मनाला लागते ती तृष्णा, आणि तिच्यासाठी थेट संस्कृत रूपच परत आणले गेले. पालीत मात्र ‘तण्हा’ दोन्ही अर्थांनी नांदली. बुद्धाने दुःखाचे कारण सांगताना हाच शब्द वापरला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि दीक्षाभूमीच्या या शहरात विहारांतल्या प्रवचनांतून तण्हा पुन्हा कानी पडू लागली.

त्याआधी आंबेडकरांना घशाच्या तहानेसाठी लढावे लागले होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्षात अस्पृश्यांना ते बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर जाऊन पाणी प्याले. सनातन्यांनी दावा ठोकला. तो जवळपास दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला.