ओतणाऱ्या हाताची उंची

गुढीपाडवा झाला की जालन्याच्या मोंढ्यात, बसस्थानकाबाहेर, अंबड चौफुलीच्या आसपास पाणपोईचे मांडव दिसू लागतात. चार बांबू, वर शेडनेटची नाहीतर कडब्याची सावली, खाली वाळूत बसवलेले रांजण आणि त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट. जुन्या पाणपोईवर एक माणूस बसायचा. बहुधा म्हातारा, कधी म्हातारी; पगार नावापुरता. त्याच्या हातात ओगराळं असायचं, म्हणजे उभ्या लांब दांड्याचा पळा, ज्यानं रांजणात हात न बुडवता पाणी काढता येतं. तुम्ही वाकून ओंजळ तोंडाशी धरायची आणि तो वरून धार सोडायचा. मान हलवली की धार थांबायची. पैसे नाहीत, नाव-गाव विचारणं नाही. तहानलेल्याला पाणी पाजण्याइतकी साधी माया दुसरी नसेल, असं वाटतं. पण या धारेचा मागोवा घ्यायला लागलं की ती तितकी साधी राहत नाही.

जालना जिल्ह्यातच या गोष्टीचं एक जुनं टोक सापडतं. आजचं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. 1970 च्या दशकात इथं उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातल्या भरभराटीच्या नगराचे अवशेष वर आले. हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमाही मिळाली. तिच्याशी साम्य असलेली भारतीय प्रतिमा थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेली आहे. भोगवर्धनच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. पैठणहून उज्जैनीकडे जाणारे तांडे याच पट्ट्यातून अजिंठ्याचा डोंगर चढत. बैल, माणसं, माल आणि वैशाखातलं ऊन. अशा वाटेवर पाण्याची सोय ही व्यापाराची पहिली गरज होती.

ही सोय त्याआधीपासूनची आहे. अशोकानं आपल्या सातव्या स्तंभलेखात आंब्याची आणि वडाची झाडं, विहिरी आणि जागोजाग माणसांसाठी व जनावरांसाठी केलेल्या पाणवठ्यांची यादी दिली आहे. त्यापुढे तो म्हणतो की हे सुख तसं किरकोळच, आधीच्या राजांनीही ते दिलं होतं. लोकांनी धर्मानं वागावं म्हणून मी ते केलं. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातही पाणी पाजणं ही जुनीच रीत मानली जात होती. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तापी, दमणा, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा आणि पाणपोया, बांधल्या. याच नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं आणि त्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला. पाणपोया मात्र कुणी बुजवल्याचं कुठं कोरलेलं नाही.

लेखांमधून पाणपोई घालणाऱ्याचं नाव कळतं. पाणी ओतणारी व्यक्ती भेटते ती सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त. सातशे प्राकृत गाथांच्या या संग्रहात पाणपोईवरची तरुणी आहे, प्रपापालिका. एका गाथेतला वाटसरू तिच्याकडे बघत मुद्दाम बोटं फाकवून पाणी पितो, म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं. तीही काही कमी नाही. आधीच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करते. दोन ओळींत आपल्या मुलखातली सगळी पाणपोई आली: उन्हातून आलेला परका माणूस, उभी राहून पाणी घालणारी बाई, मधली हातभर जागा आणि तिच्यातून पडणारी धार. त्या जागेत तेव्हा लाडिकपणा होता. पुढं याच हातभर जागेत काय काय शिरलं ते पाहायचं आहे.

यादवांच्या काळात देवगिरीवर हेमाद्री पंडितानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्याचं दानखंड म्हणजे काय, कधी, कुणाला द्यावं याची मोठी वहीच आहे. धर्मशास्त्रानं पाणपोईला दानाचा दर्जा दिला, तिचा हंगाम ठरवला, आणि ज्याची ऐपत नाही त्यानं निदान पाण्याचा घडा द्यावा अशी सवलतही ठेवली. अक्षय तृतीयेला पाण्यानं भरलेला करा देण्याची चाल त्याच कुळातली. पुण्य मिळतं म्हणून पाणी पाजणाऱ्यांना हसण्याची आता फॅशन आहे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणूस हिशेबी असतो, आणि त्याच्या हिशेबात परक्याची तहान जमेच्या बाजूला मांडली गेली हे काही थोडं नाही. अडचण दुसरीकडे आहे. पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं आणि घेणारा कोण असावा हेही मग देणाराच ठरवू लागतो.

या हिशेबाला जालन्याच्या शेजारीच, पैठणला, एकनाथांनी छेद दिला. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला वाहायला निघालेल्या नाथांनी ती वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा मराठी मुलांना पाठ असते. तिच्यात भूतदया आहेच, पण देवाच्या नावानं काढून ठेवलेलं पाणी भलत्याच खात्यावर खर्च केल्याची हिंमतही आहे. दुसरी कथा मला जास्त आवडते. नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता आणि तो खुद्द श्रीकृष्ण होता म्हणतात. तो रांजण पैठणला आजही आहे. नाथषष्ठीच्या आधी भाविक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात आणि रांजण भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात. देवाला राजा, सारथी, गुराखी सगळं करून झालं होतं. पैठणकरांनी त्याला पाणक्या केलं.

खुद्द जालना शहरात अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात जमशेदखानानं काळी मशीद, हमाम आणि सराई उभारली. गावाच्या पश्चिमेला मोती तलाव केला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत खेळवलं. सराईच्या चौकातही एक हौद होता. इथं ओतणारं कुणी नाही. जो येईल त्यानं आपल्या हातानं घ्यायचं, निदान बांधणाऱ्याची योजना तशी होती. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी दूरदूरच्या वाटांवर विहिरी आणि पाणपोया केल्या. सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1823 च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे की उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला तिची माणसं असत आणि महेश्वरच्या आसपास औताचे बैल मध्येच थांबवून तिचा नोकर त्यांना पाणी पाजत असे. चालू औत थांबवायचं आणि बैलाला पाजायचं! शेतकऱ्याला हा खोळंबा गोड वाटत होता की नाही ते माल्कमनं लिहिलेलं नाही.

आता ती हातभर जागा. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत दलित बायांनी विहिरीपासून दूर घागर ठेवून उभं राहायचं आणि कुणा सवर्ण बाईच्या मनात येईल तेव्हा तिनं वरून पाणी ओतायचं, अशी रीत होती. दुपारची वेळ असेल तर तासन् तास कुणी यायचं नाही. पाणपोईवरही तेच. एकाला तांब्या हातात मिळे, दुसऱ्याला ओंजळीत धार, तिसऱ्याला बांबूच्या नळीतून सोडलेलं पाणी. जात जितकी खालची तितका ओतणारा हात उंच. गाथेतल्या तरुणीनं धार बारीक केली होती पाहुणा थांबावा म्हणून; इथं ती बारीक व्हायची शिंतोडा उडू नये म्हणून. वरवर पाहिलं तर दोन्हीकडे तहानलेल्याला पाणी मिळालेलं आहे. ओतणाऱ्या बाईलाही आपण धर्मच करतो आहोत असं मनापासून वाटत असणार.

महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी दान वाढवलं नाही, मधला हात काढून घेतला. पुढं 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं, आणि कागद कागदच राहिला. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी स्वतःच्या ओंजळीनं पाणी घेतलं. त्या दिवसाचं सगळं मोल ‘स्वतःच्या’ या शब्दात आहे.

महाड ब्रिटिश मुलखात होतं. जालना-औरंगाबाद निजामाच्या. इथला प्रसंग 1934 मधला, आणि बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. सहकाऱ्यांसह ते दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. रमजानचे दिवस. प्रवासाची धूळ अंगावर, आणि किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेलं टाकं. त्यांनी हात-पाय-तोंड धुतलं. एवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी टाकं बाटवलं. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई. हौद बांधणाऱ्याची योजना काहीही असो, काठावर उभ्या राहणाऱ्यांनी आपली उंची तिथंही शोधून काढलीच होती. याच मुलखातून 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे धावू लागली. देशभरच्या स्थानकांवर तेव्हा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या देत दोन वेगळे पाणके फिरत. 1950 च्या संविधानात पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांची नावं मुद्दाम घ्यावी लागली ती उगाच नव्हे.

नंतरचा इतिहास दुष्काळांचा आहे. 1972 चा, मग 2012-13 चा. त्या वर्षी जालना राज्यातल्या सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि मराठवाड्याला लोक टँकरवाडा म्हणू लागले. शहराला निजामी काळापासून पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला आणि शेतकऱ्यांनी तो रानात नेऊन टाकला. जालन्याच्या अलीकडच्या इतिहासातली अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे. पण त्याच दिवसांत घरोघरी पाहुण्याचा तांब्या गेला आणि पेला आला, पेलाही अर्धा. यजमानीण आत पाणी आणायला वळली की पाहुणाच म्हणायचा, “राहू द्या वहिनी, आत्ताच पिऊन आलोय.” खोटं असायचं ते, तिलाही ठाऊक असायचं. नको म्हणण्यातही दया असू शकते हे त्या उन्हाळ्यानं शिकवलं.

आता मोंढ्यातल्या पाणपोयांवर निळे जार उलटे लावलेले असतात, किंवा कुणा दानशूराच्या नावाची पाटी मिरवणारा स्टीलचा कूलर. निवडणूक जवळ असली तर फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा रांजणापेक्षा मोठा. ओतणारा हात बहुतेक ठिकाणी गेला आणि मला त्याचं दुःख नाही. तोटीला जात कळत नाही, हे कूलरचं मोठं पुण्य. नडतं ते एवढंच की जनावरांसाठी शेजारी असलेली दगडी डोणही त्याच्याबरोबर गेली. अशोकाच्या यादीत जनावरं होती, अहिल्याबाईच्या यादीत बैल होते. कूलर बसवणाऱ्यांच्या यादीत मोंढ्यात धान्य घेऊन आलेल्या बैलालाही जागा नाही आणि कुत्र्यालाही नाही.

आणखी एकीला या पाणपोयांचा उपयोग नाही, आणि तिचा उल्लेख कुठल्याच शिलालेखात नाही. परतूरहून, मंठ्याहून एसटीनं निघालेली बाई बसस्थानकाबाहेर पाणपोई दिसली तरी पुढं जाते. घसा कोरडा असतो, पाणी फुकट आणि थंड असतं. पण स्थानकावरचं स्वच्छतागृह कसं असेल याचा अंदाज तिला असतो, पुढचा प्रवास किती तासांचा ते माहीत असतं. म्हणून ती पीत नाही, लेकराला पाजते आणि बाटली पिशवीत ठेवते. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर महिनोन् महिने असंच चालतं. सगळ्या घरासाठी पाणी भरणारी तीच, आणि स्वतःच्या तहानेला दिवसभर गप्प बसवणारीही तीच. दोन हजार वर्षांत आपण दुसऱ्याला पाणी पाजण्याचे नाना प्रकार शोधले, त्यातल्या पुण्याचा हिशेब ठेवला, त्यातला अपमानही लढून थोडाफार घालवला. या बाईला मात्र कुणी सांगितलेलं नाही की पोटभर पाणी पिणं हा तिचाही हक्क आहे. आणि नुसतं सांगून भागणारही नाही. यंदाच्या पाडव्याला पाणपोई घालायची वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी निम्मी रक्कम शेजारच्या स्वच्छतागृहाच्या कडी-कोयंड्यावर, दिव्यावर आणि झाडणाऱ्या बाईच्या पगारावर खर्च केली, तर मांडवापुढच्या रांगेत बाया दिसू लागतील.