तिसऱ्या रांगेत कोण बसतं?

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी सध्या सात जणांची गाडी घ्यायचं चाललंय. ॲव्हरेज किती, हप्ता किती, रंग कोणता, सगळं बोलून झालं. मागे कोण बसणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आज आम्ही या गाड्यांचा इतिहास मागे बसणारीच्या बाजूने सांगतो.

आपल्या आज्या बैलगाडीतून सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला, पंढरपूरला गेल्या. गाडीत रांगा नव्हत्या. खाली कडबा, वर घोंगडं, आणि सगळे दाटीवाटीने एकत्र.

मग जीप आली. ती मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी बनलेली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे लांब जीप निघाल्या आणि आपल्याकडे वडापला लागल्या. पुरुषमंडळी पुढे, बायका मागच्या आडव्या बाकड्यावर. मांडीवर लेकरू, पायाशी पिशव्या. धूळही मागे आणि खड्ड्यांचे दणकेही मागेच.

1994 साली टाटांची सुमो आली. नाव पैलवानाचं वाटतं, पण ते कंपनीचे जुने प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावातून घेतलेलं आहे. लग्नाचं वऱ्हाड असो, तुळजापूर-अक्कलकोटची वारी असो, अडलेली बाळंतीण असो, गावाला सुमोचा आधार झाला. पण मागची बाकडी तशीच समोरासमोर राहिली.

2000 साली बोलेरो आणि क्वालिस आल्या, 2005 मध्ये इनोव्हा आणि 2012 मध्ये अर्टिगा. इनोव्हा-अर्टिगात तिसऱ्या रांगेचं तोंड पुढे झालं. हा बदल साधा नाही. गाडी जोरात थांबली की आडवं बसलेलं माणूस बाजूला फेकलं जातं. पुढे तोंड असलं तर खांद्यावरचा बेल्ट त्याला नीट धरतो.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट लावावा लागतो, नाहीतर दंड आहे. पण दंडापेक्षा जीव मोठा.

तेव्हा गाडी बघायला घरातल्या बायकांनीही जायचं. तिसऱ्या रांगेत स्वतः दहा मिनिटं बसायचं. गुडघे अडतात का? डोकं छताला लागतं का? सासूबाईंना चढता येईल का? मागे एसीची हवा येते का? प्रत्येक सीटला बेल्ट आहे का? सात जण बसल्यावर पिशव्या कुठे ठेवायच्या? बऱ्याच गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकीत फारशी जागा उरत नाही. दोन-तीन गाड्यांत बसून मगच ठरवा.

आणि एक शेवटचं. हप्त्यात आपल्या गटाचं कर्ज किंवा आपली कमाई जाणार असेल, तर आरसी बुकावर नाव कुणाचं, हेही आधीच बोलून घ्या. पैसा आपला आणि नाव दुसऱ्याचं, असं नको.

त्या ताई येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन शोरूमला निघाल्यात. आधी दोघी मागेच बसून बघणार आहेत.