अळू, बटाटा आणि एकच बेणं

अळकुडी नि बटाटा दोन्ही जमिनीत पोसतात, पण मुळं नव्हेत. जमिनीतलं खोडच ते. अळू आपल्या आशियातलं, पाणथळीतही खुशाल वाढतं. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला. पाणी साचलं की सडतो. त्याचं नावही पोर्तुगीजांकडून आलेलं.

रोग मात्र एकाच घराण्यातला, फायटोप्थोरा. १८४५ पासून आयर्लंडात करप्यानं बटाटा गेला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली. १९९३ ला सामोआत त्याच्याच भाऊबंदानं अळू झोपवलं, निर्यात कोसळली. दोन्हीकडं बहुतेक रानात एकाच वाणाचं बेणं: तिकडं लम्पर, इकडं निउए. कंदाचं बेणं म्हणजे आईचीच नक्कल. एक रोप बळी पडलं की सगळं रान पडतं. म्हणून दोन-तीन वाण राखाच.