डिझेलची वेळ कोण ठरवतं?

देशात कुठल्याही ट्रकच्या गॅरेजात जा, ‘टायमिंग पुढे गेलंय’, ‘टायमिंग मागे आहे’ असं बोलणं कानावर पडतंच. हे टायमिंग म्हणजे काय आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाकडून कुणाकडे गेला, हे मला आज सांगायचं आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि त्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पण त्याच क्षणी नाही. थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला थोडा वेळ लागतो. तो एक मिलिसेकंद धरू. मिनिटाला 1500 फेरे घेणारं इंजिन सेकंदाला 9000 अंश फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळात 9 अंश पुढे सरकतं. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच फवारा सुरू करावा लागतो. फार लवकर केला, तर साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि इंजिन ठोके देतं. उशीर केला, तर पिस्टन खाली निघालेला असतो. मग ताकद कमी आणि धूर जास्त.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली जर्मनीत आउग्सबर्गला यशस्वी झालं. इंधनातली सुमारे 26 टक्के ऊर्जा ते कामी लावत असे. मात्र डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असलं धूड कारखान्यात चालेल, ट्रकवर कसं चढणार? 1923-24 च्या सुमारास बेंझ आणि मान या कंपन्यांनी कॉम्प्रेसरशिवाय चालणारे डिझेल ट्रक आणले. पण भरवशाचा पंप मोठ्या संख्येने मिळाला तो रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून, 1927 साली.

त्या पंपाची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या. तो वर जाताना डिझेल येण्याचं भोक झाकतो आणि फवारा सुरू होतो. दट्ट्यावर एक तिरपी खाच असते. ती भोकासमोर आली की दाब सुटतो आणि फवारा थांबतो. ॲक्सिलरेटर दाबला की दट्ट्या स्वतःभोवती फिरतो, खाच लवकर किंवा उशिरा येते आणि डिझेल कमी-जास्त होतं. फवारा सुरू होण्याची वेळ मात्र पंप इंजिनावर कसा बसवला आहे, यावर ठरते. म्हणजे ती मिस्त्रीच्या पान्याखाली आली.

आपल्याकडे 1951 साली बंगळुरूत मायको कंपनी उभी राहिली आणि बॉशच्या तंत्राचे पंप व नोझल इथेच बनू लागले. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. पुढची कित्येक दशकं फ्लायव्हीलवरची खूण पाहून टायमिंग जुळवणारा मिस्त्री हा महामार्गावरचा मानाचा माणूस होता.

आता खरी गोम. टायमिंग थोडं पुढे घेतलं की डिझेल वाचतं, पण ज्वलन जास्त तापतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं वाढतात. मागे घेतलं की ती घटतात, पण डिझेल जास्त जळतं. एकाचा खिसा, दुसऱ्याची फुफ्फुसं! वेळ संगणकाच्या हाती गेल्यावरही हा पेच सुटला नाही. 1998 साली अमेरिकी सरकारने सात मोठ्या इंजिन कंपन्यांवर ठपका ठेवला: चाचणीत इंजिन नियमात बसतं, पण महामार्गावर लागलं की संगणक टायमिंग बदलून डिझेल वाचवतो आणि धुरातलं विष वाढवतो. समझोत्यात 8 कोटी 34 लाख डॉलरचा दंड झाला.

आज कॉमन रेलमध्ये डिझेल कायम प्रचंड दाबाखाली तयार असतं आणि संगणक एकाच फेऱ्यात अनेक फवारे सोडतो. आधीचा छोटा फवारा हवा आणखी तापवतो, त्यामुळे मुख्य फवारा लवकर पेटतो आणि ठोका कमी होतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. आता एक्झॉस्टमध्ये युरियाचं द्रावण सोडून ती ऑक्साइडं बाहेर पडण्याआधीच मोडता येतात, त्यामुळे टायमिंग फार मागे ओढावं लागत नाही.

मिस्त्रीच्या हातात पान्याऐवजी स्कॅनर आला. पण माझ्या मते मूळ प्रश्न यंत्राचा नव्हताच. ते चार-दोन अंश कुणाच्या सोयीने ठरवायचे, हा प्रश्न समाजाचा आहे आणि त्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागेल.