काडीकिडे : वर्गीकरण

वाळक्या काडीसारखा लांबट, सडसडीत देह असलेल्या कीटकांचा गण. शास्त्रीय नाव फॅस्मॅटोडिया. पानासारखे चपटे पर्णकीटकही याच गणातले. ज्ञात जाती तीन हजारांहून अधिक, सर्व शाकाहारी.

लिनीअसने १७५८ मध्ये पर्णकीटकाला प्रार्थनाकीटकांच्या पंक्तीत बसवले. प्रत्यक्षात प्रार्थनाकीटक झुरळांचे आप्त. काडीकिड्यांचे जवळचे नाते रेशमी बोगद्यांत राहणाऱ्या जालकीटकांशी आहे.

गणाचे दोन उपगण. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील आखूड देहाचे टिमेमा एका उपगणात. त्यांच्या पाऊलभागाला तीनच खंड असतात. बाकी सगळे, म्हणजे सहसा पाच खंडांचे, युफॅस्मॅटोडियात. यापुढची विभागणी मात्र दीर्घकाळ वादाची राहिली. नडगीच्या टोकाशी खालच्या बाजूस त्रिकोणी खोलगा आहे की नाही, ही विसाव्या शतकातील प्रमुख खूण. क्लाउस ग्युंथर यांच्या १९५३ च्या मांडणीतही तिला महत्त्व होते. ती टिकली नाही. राहणीनुसार घडलेले शरीर नात्याबद्दल फसवते. लॉर्ड हाव बेटावरचा ड्रायोकोसेलस आणि न्यू गिनीतला युरिकँथा दिसायला सख्खे भाऊ, पण २००९ च्या जनुकीय अभ्यासात त्यांची कुळे वेगळी ठरली. २०१९ मधील मोठ्या जनुकीय अभ्यासाने बहुतेक जातींचे जुन्या जगातील व अमेरिकेतील असे दोन मोठे गट दाखवले. भूगोल रूपापेक्षा खरा ठरला.

बाह्यरूपापेक्षा अंडे अधिक विश्वासू साक्षीदार आहे. ते झाडाच्या बीसारखे दिसते. एका टोकाला झाकण, कडेला ठसा उमटल्यासारखी पट्टी. काही जातींत झाकणावर गाठ असते. ती खाण्यासाठी मुंग्या अंडे वारुळात नेतात.

भारतातील सर्वांत परिचित जाती कॅरॉसियस मोरोसस ही लाँकोडिडी कुळातली. सिनेती यांनी १९०१ मध्ये वर्णिलेली ही दक्षिण भारतीय जाती जगभरच्या प्रयोगशाळांत पाळली जाते. मादी नराविना अंडी घालते. तिच्या पुढच्या पायांच्या मुळाशी आतून लाल रंग असतो.

गोंदिया जिल्ह्यातील कामठा परिसरात किंवा नागझिऱ्याच्या जंगलात काडीकिडा आढळल्यास केवळ पाठीवरून छायाचित्र घेऊन थांबू नये. पाय, पोटाचे टोक आणि मिळाल्यास अंडे यांचीही छायाचित्रे घ्यावीत. ओळख पटवायला तीच उपयोगी पडतात.